वडिलोपार्जित चव

२०२४ सालच्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे एक दावा आला. त्याची कागदपत्रे २,७५२ पानांची होती आणि वादाचा विषय होता कोंबडीचा रस्सा! टोमॅटोच्या रसात शिजवलेला, लोण्यासायीने माखलेला आणि 'बटर चिकन' या नावाने देशोदेशी खपणारा हा पदार्थ आमच्याच आजोबांनी प्रथम केला, सबब प्रतिपक्षास जनकत्वाचे बिरुद मिरविण्याची मनाई व्हावी आणि सुमारे दोन कोटी रुपये नुकसानभरपाई मिळावी, अशी वादींची मागणी होती. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाची मौज केली. आम्हांला मात्र ते तितकेसे हसण्यावारी नेण्याजोगे वाटत नाही. कारण त्या दाव्याच्या मुळाशी असलेली समजूत केवळ दिल्लीच्या खाणावळवाल्यांची नाही, ती आपल्या सर्वांच्या अंगी मुरलेली आहे.

हकीकत थोडक्यात अशी. पेशावर येथे मोखासिंग नावाच्या गृहस्थांचे 'मोती महल' नावाचे भोजनगृह होते आणि कुंदनलाल गुजराल हे तरुणपणी तेथे कामास होते. १९४७ साली फाळणी झाली. जे निर्वासित दिल्लीस आले त्यांत कुंदनलालही होते. कुंदनलाल जग्गी व ठाकुरदास मागो या भागीदारांसह त्यांनी दर्यागंजात त्याच नावाची खाणावळ थाटली. मुख्यतः रोटी भाजण्याच्या तंदुरात भाजलेली कोंबडी या खाणावळीने राजधानीच्या जिभेवर बसविली. पंडित नेहरूंसारखे आश्रयदाते तिला लाभले. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी परक्या शहरात हे उभे करावे, याबद्दल आमच्या मनात निखळ आदर आहे. आमचे भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या नावाचे भांडवल करणाऱ्या युक्तिवादाशी आहे.

पुढे मूळ दर्यागंजातील जागा कुटुंबाबाहेरच्या हाती गेली. गुजरालांच्या नातवाने 'मोती महल' या नावाच्या शाखा गावोगावी वाढविल्या. जग्गींच्या नातवाने एका सहकाऱ्यासह २०१९ साली 'दर्यागंज' या नावाने दुसरी साखळी सुरू केली आणि बटर चिकन व दाल मखनी यांच्या जनकांची ही संस्था, असे पाटीवर लिहिले. पहिला पक्ष म्हणतो, हा पदार्थ पेशावरातच जन्मला. दुसरा म्हणतो, दिल्लीत एका रात्री उशिरा पाहुणे आले, भाजलेली कोंबडी पुरेना, तेव्हा ती रश्शात घालून वाढली. दोन्ही कथांचे नायक आजोबा! भटारखान्यात त्या वेळी आणखी कोण उभे होते, कांदा कोणी चिरला, रस्सा कोणी ढवळला, याचा उच्चार आम्ही वाचलेल्या हकीकतींत तरी आढळला नाही.

आता असे पाहा, 'मोती महल' हे नाव गुजरालांचे नव्हे, जग्गींचेही नव्हे, ते मोखासिंगांचे. तंदुरापाशी बसण्याची विद्या कुंदनलालांस पित्याकडून मिळाली नाही, ती धन्याच्या दुकानात मिळाली. ज्या वृक्षाचे मूळ कुटुंबात असल्याचे आज सांगितले जाते, त्याचे बीज नोकरीत पडले होते. चव बापाकडून मुलाकडे जात नाही, ती उस्तादाकडून हाताखालच्या पोऱ्याकडे जाते.

संगीतात हे आपण केव्हाच मान्य केले आहे. तेथे शब्दच 'घराणे' असा आहे, तरी किराणा घराण्याची गायकी अब्दुल करीमखाँपासून कुंदगोळच्या रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे, आणि त्यांच्यापासून भीमसेन जोशींकडे गेली. या तिघांत रक्ताचे नाते शोधणारा हात हलवीत परत येईल. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर थोर झाल्या त्याही तालमीच्या बळावर, जन्माच्या नव्हे. गवयाला लावलेला हा न्याय आचाऱ्याला का लावू नये? आपला धर्मशास्त्रकारही याला प्रतिकूल नाही. वडिलार्जित द्रव्यास धक्का न लावता विद्येने मिळविलेले धन मिताक्षरेने वाटणीतून वगळले. आणि शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असला तरी त्या विद्येची कमाई मिळविणाऱ्याचीच, असा कायदा बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या खटपटीने १९३० साली झाला. विद्या शेताप्रमाणे सातबाऱ्यावर चढत नाही, मग मसाल्याचा हात कसा चढावा?

यावर कोणी म्हणेल की, कुटुंब मालक असले म्हणजे निगराणी राहते, नावाची लाज राहते. एका दुकानापुरते हे आम्ही मान्य करू. गल्ल्यावर बापामागून मुलगा बसला की तुपात भेसळ करताना हात थबकतो, हे खोटे नाही. पण दहा शहरांत नाव मक्त्याने दिल्यावर गल्ल्यावर बसतो तो मक्तेदार, चुलीपाशी उभा राहतो तो पगारी आचारी, आणि कुटुंब उरते ते भिंतीवरच्या चौकटीत. 'आमची कोठेही शाखा नाही' या पुणेरी पाटीला महाराष्ट्र भरपूर हसला आहे, आणि तिच्यातील ताठा हसण्यासारखा आहेही. तथापि एक हात एकाच चुलीपाशी असू शकतो, एवढी कबुली तरी ती पाटी देते. शाखा काढू नयेत असे आमचे म्हणणे नाही. व्यापार वाढावा, चार माणसांस काम मिळावे. परंतु ग्राहकाकडून जे जादा दाम 'आजोबांची चव' म्हणून घेतले जाते, त्याचा कोणता अंश त्या चवीच्या खऱ्या वारसास, म्हणजे रोज बारा तास तंदुराच्या झळीत उभ्या राहणाऱ्या माणसास, पोहोचतो? नुकसानभरपाईचे दोन कोटी मागताना त्याची आठवण कोणास झाली?

न्यायालयाने जनकत्वाचा काय तो निवाडा करावा. तो त्याचा अधिकार आहे. आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक शाखेत आजोबांच्या तसबिरीशेजारी तेथील मुख्य आचाऱ्याचे नाव लावावे, तो कोणाच्या हाताखाली शिकला हे लिहावे, आणि किती वर्षे त्या चुलीपाशी टिकला हेही लिहावे. ग्राहकाने आधी ती पाटी वाचावी, मग ताट मागवावे.