ताशाकडे लक्ष ठेव

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून एक तक्ता फिरत येतो. झोप येत नसेल तर अमुक राग, परीक्षेची धास्ती असेल तर तमुक, आणि संतापावरही एक राग. पाठवणारे बहुतेक माझ्याच वयाचे. खाली लिहिलेलं असतं, ‘घरातल्या मुलांना जरूर ऐकवा.’ मुलं अर्थातच ऐकत नाहीत. शास्त्रीय संगीत मला जिवापाड आवडतं, म्हणूनच त्याचा असा काढा केलेला बघवत नाही.

माझी भाची बारावीनंतर पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात जाऊ लागली. त्याआधीचं वर्षभर घरात तिचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘नंतर’ एवढंच उरलं होतं. ताईला पथकाची भीती होती ती वजनाची. एवढा ढोल कमरेला बांधून ही पोर उभी तरी राहील का? पोर उभी राहिली. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीकाठी, पुलाखाली, मिळेल त्या मोकळ्या जागेत सराव सुरू होतात. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी, त्यामुळे मोबाइल आपोआप पिशवीत जातो. नवखी मुलं मागच्या रांगेत. ठोका चुकला तर पन्नास ढोलांत तो विरून जातो. शेजारच्याला कळतं, तो हसतो, की पुढचा ठोका आलाच. बोटं सोलवटली की त्यावर चिकटपट्टी.

‘‘मावशी, तिथे मला कसं वाटतंय असं कुणी विचारतच नाही,’’ ती एकदा म्हणाली. ‘‘फक्त म्हणतात, ताशाकडे लक्ष ठेव.’’

आम्ही सगळे वर्षभर तेच तर विचारत होतो.

वाजवण्यात असं काय आहे, याचा थोडा शोध शास्त्रज्ञांनीही घेतलाय. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. गाणं, नाचणं किंवा तालवाद्य वाजवणं झाल्यावर माणसाची वेदना सोसायची ताकद वाढलेली दिसली. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांत तसं दिसलं नाही. यामागे शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन्स असावीत, असा त्यांचा तर्क. पुढे २०१६ मध्ये डेझी फॅनकोर्ट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये, मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांसाठी दहा आठवडे सामूहिक वादनाचे वर्ग घेतले. त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं. ही सगळी मोठी माणसं होती, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलांना हे निष्कर्ष जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण माझा कल कुठे आहे ते लपवत नाही.

पुण्यात शाळा-कॉलेजच्या मुलांच्या हाती ढोल देण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या आप्पा पेंडसे यांचा मोठा वाटा. आज पथकांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, दणकून आवाज करायची मुभा आपल्याकडे मुलींना एरवी कधी मिळते?

आवाजाची तक्रार करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. खुद्द वादकांच्याच कानांना त्या दणदणाटाचा धोका आहे आणि भाचीच्या पिशवीत मी कानात घालायचे बोळे टाकते. (ती ते वापरते, असं मी धरून चालते.) २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांत तीसच माणसं असावीत असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला विचाराल तर तीसही पुष्कळ झाले. सोबत वाजवणारं माणूस शेजारी असलं की झालं.

आणि जी मुलं दार लावून, कानात इअरफोन खुपसून एकच उदास गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात, त्यांचं काय? फिनलंडच्या सुवी सारिकालिओ आणि मेलबर्नच्या कॅटरिना मॅकफेरन यांनी किशोरवयीन मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचा भर कोणतं गाणं ऐकता यावर नाही, त्या गाण्याचं तुम्ही काय करता यावर आहे. ऐकून हलकं वाटतं, की आणखी रुतायला होतं? गाण्यामुळे माणसं जवळ येतात, की गाण्याआड लपायला सोयीचं जातं? उदास गाणं म्हणजे वाईट, असं त्यात कुठेच धरलेलं नाही. म्हणून गाणं बंद करायला सांगण्याआधी, ‘मलाही ऐकव ना’ म्हणून बघावं. ऐकवलं तर पूर्ण ऐकावं आणि ‘आमच्या वेळची गाणी’ हा विषय त्या दिवशी काढू नये.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. त्यातल्या अनेकांना डॉक्टर लागतील, औषधं लागतील, ढोल पुरणार नाही. झोप-भूक उडाली, जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पथकाची एक अडचण मात्र खरीच आहे. अनंत चतुर्दशी झाली की ढोल उतरतात आणि रोजची संध्याकाळ एकदम रिकामी होते. गेल्या वर्षी त्यानंतरचा पंधरवडा भाचीला जड गेला. आपल्या कितीतरी शाळांत लेझीम आणि ढोल पी.टी.च्या कपाटात कुलूपबंद असतात, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीपुरते बाहेर निघतात. ते कपाट दर शनिवारी तासभर उघडायला वेगळं अनुदान लागत नाही. चावी बहुधा पी.टी.च्या सरांकडेच असते.