पूल मोजता, मग शाळाही मोजा

मंडळी, डिलाईल रोडचा पूल आठवतो ना? जुलै 2018 मध्ये बंद झाला, पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला. उद्घाटनाआधीच आदित्य ठाकरेंनी तो खुला केला, गुन्हा दाखल झाला, राज्यभर गाजलं. पण वरळीच्या या आमदाराने शाळांसाठी काय केलं, यावर कोणी भांडत नाही.

आधी जमेची बाजू. 2019 ते 2022 ते मंत्री होते, पण शालेय शिक्षण खातं वर्षा गायकवाडांकडे होतं. त्यांचा शब्द चालायचा तो मुंबई महापालिकेत, कारण तिथे सत्ता शिवसेनेची. 2020 मध्ये पालिका शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ नाव मिळालं. जोगेश्वरीत पूनमनगरला सीबीएसई, माटुंग्यात वूलन मिलला आयसीएसई शाळा निघाली. 2021 मध्ये आणखी दहा सीबीएसई शाळा. तेही फुकट. अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. ‘म्युन्सिपाल्टीची शाळा’ म्हणून ज्यांच्या पोरांना हिणवलं गेलं, त्यांना याची किंमत विचारा. हे काम नाकारणं कद्रूपणा होईल.

आता उधारीची बाजू. सोडत म्हणजे एकाचा नंबर लागणार, शेजारच्याचा नाही. अहो, शाळा म्हणजे काय म्हाडाचं घर आहे? 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिलाय. तो नशिबावर कसा सोडायचा?

दुसरं, मराठी माध्यम. मराठीच्या नावावर मतं मागणारा पक्ष 25 वर्षं पालिकेत होता, आणि त्याच काळात मराठी शाळांचा पट घसरत गेला. पालकच इंग्रजीकडे वळले, मान्य. पण नवं बोर्ड आणि नवी हौस इंग्रजीच्याच वाट्याला का?

मार्च 2022 मध्ये पालिकेवर प्रशासक आला, जूनमध्ये सरकार गेलं. त्यामुळे पुढचं सगळं खापर एकट्या आदित्यंवर फोडता येणार नाही. नंतर आलेल्यांनीही उत्तर द्यायला हवं.

डिलाईल रोडला आज ना. म. जोशींचं नाव आहे. 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढून त्यांनी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पाळीवरून आलेला कामगारही तिथे शिकला.

मत मागायला कुणीही येऊ दे, तीनच प्रश्न विचारा. माझ्या वॉर्डातल्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या? सोडतीत नंबर न लागलेलं पोर कुठे गेलं? मराठी वर्गासाठी काय केलं? पुलासाठी पाच वर्षं बोंबललो, शाळेसाठी एवढं तरी विचारूया.