केबल टाका, पण आधी वायर बघा

ट्रॉम्बे म्हटले की शेतकऱ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-२४ भुईमूग आठवतो, नाहीतर सुफलाची गोणी. आज आम्ही ट्रॉम्बेचे नाव काढले ते गाळासाठी. पावसाळ्याच्या तोंडावर तिकडचे नाले उपसायला पोकलेन लागतात, आणि त्याच दिवसांत आपल्या गावतळ्यातला गाळही काढायचा असतो. (पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपण ते सगळ्याच यंत्रांना देऊन टाकले!) तिथे खाडीची खारी हवा, इथे तळ्याचा चिखल; वायरिंगला दोन्ही वैरीच.

ऐन मे महिन्यात इंजिन रेस घेईनासे होते. ऑपरेटर डायल फिरवतो, इंजिन आपले गुरगुरतच राहते आणि बूम उचलताना दम टाकते. बऱ्याच जुन्या यंत्रांत डायलचा इशारा कंट्रोलरला जातो, कंट्रोलर एक छोटी मोटर फिरवतो आणि ती मोटर डिझेल पंपाचा दांडा ओढते. यातले एक बिघडले की काम ठप्प. नवा भाग महाग, येणार कधी ठाऊक नाही, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "मोटर सोडा, केबल टाकू." केबिनमध्ये हाताचा दांडा, तिथून केबल थेट पंपाला. यंत्र चालू!

या जुगाडाला आम्ही नावे ठेवणार नाही. हंगाम वाचतो हे खरेच आहे. पण मोटर सोडण्याआधी फ्यूज, जोडण्यांच्या पिना आणि डायलमागची वायर तपासायला लावा. गंजलेल्या एका पिनेपायी चांगली मोटर भंगारात जाऊ नये.

केबल टाकलीच, तर तिचा दांडा धक्क्याने सरकता कामा नये. पंपाकडे परतीची स्प्रिंग हवी, म्हणजे केबल तुटली तर इंजिन हळू होईल, सुसाट सुटणार नाही. काही यंत्रांत इंजिन बंद करण्याचे कामही तीच मोटर करते. तिथे बंद करायची वेगळी केबल घेतल्याशिवाय यंत्रावर माणूस बसवू नका. आणि ज्या नव्या इंजिनांत डिझेलचे माप संगणकच ठरवतो, तिथे ओढायला दांडाच नसतो. तिथे कुणी केबलची गोष्ट काढली, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. काम थांबले की रेस आपोआप उतरवण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. केबल टाकली की ती जाते. ट्रॅक्टरची वाट बघत यंत्र उभे असते, दांडा वर ओढलेलाच असतो, डिझेल जळत असते आणि तासांचा मीटरही पळत असतो. भाडे तासावर आणि डिझेल गावाचे असेल, तर हा भुर्दंड गावाच्याच माथी. २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण योजनेपासून कितीतरी शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून गाळ वाहून नेला. त्यांच्या ट्रॉलीचा खोळंबा होतो तो वेगळाच.

म्हणून यंत्र ठरवतानाच मालकाला विचारा, केबल आहे का? असेल तर ट्रॉली नसताना दांडा खाली ठेवायची अट करारात घाला. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा आणि भरलेल्या ट्रॉल्या एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहा, आणि ऑपरेटरची सही त्याच दिवशी घ्या.