‘फाडफाड’च्या पुढची भाषा

आपल्याकडे अॅडमिशन झाल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलांची वाटणी होऊन जाते. एक गट ‘फाडफाड इंग्लिश’वाल्यांचा, दुसरा ‘व्हर्नाक्युलर’वाल्यांचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणजे या वाटणीत फायद्यात राहिलेल्या गटातली. तरीही ही वाटणी मला साफ चुकीची वाटते. कारण ‘भाषा येणं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिच्यात कुणी विचारतच नाही.

माझं गाव विसरवाडी, नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे हायवेवरचं. आमच्या बाजारात तासभर उभं राहिलं तर मावची, मराठी, गुजराती, हिंदी सगळं कानावर पडतं, आणि धुळ्याकडचे पाहुणे आले की अहिराणीसुद्धा. इथल्या कितीतरी आदिवासी मुलांची घरची भाषा मावची किंवा भिली कुळातलीच दुसरी एखादी. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीच्या वर होते, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये भिलीला जागा नाही. म्हणजे शाळेतली मराठी ही या मुलांची दुसरी भाषा. पुण्या-नाशिकच्या मुलाला जी घरात आयती मिळते, ती यांनी पहिलीच्या वर्गात बसून कमावलेली असते. त्याच कमावलेल्या भाषेत ते दहावी होतात आणि इंजिनीअरिंगला येतात. इथलं इंग्रजी त्यांची तिसरी नाहीतर चौथी भाषा. आणि आपण शिक्का काय मारतो? ‘लँग्वेज वीक’!

जर्मनीला एम.एस. करायला निघालेल्या सीनियर्सना विचारा. तिकडे भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मोजतात. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली ही चौकट पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सगळ्यात वरची पायरी सी-२. तिथे पोचलेल्याला वाचलेलं-ऐकलेलं जवळपास सगळं सहज कळतं, चार ठिकाणची माहिती जुळवून मांडता येते आणि अर्थाच्या बारीक छटा नेमक्या सांगता येतात. त्या भाषेत जन्मलेल्या माणसासारखंच बोललं पाहिजे, अशी अट तिथेही नाही.

आता ही फूटपट्टी आपल्या ‘फाडफाड’ला लावून बघा. ‘अॅक्च्युअली’, ‘बेसिकली’ आणि ‘यू नो’ काढून टाकलं तर मागे किती उरेल? बेअरिंग का तापलं, हे स्वतःच्या शब्दांत पानभर लिहायला सांगितलं की लगेच चॅटजीपीटीची आठवण होते. आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची मराठी? घरातल्या गप्पा आणि मित्रांची चेष्टा यापुढे तिची गाडी सहसा जात नाही. ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा झाला तर बाबांना हाक मारावी लागते. म्हणजे मातृभाषेतही वरची पायरी फुकट मिळत नाही.

ती चढलेली माणसं कुठे लांब नाहीत. आमच्या शेजारच्या गुजरातचंच उदाहरण घ्या. काकासाहेब कालेलकर साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले मराठी गृहस्थ. पंचविशीच्या सुमारास बडोद्याला शिक्षक म्हणून गेले, पुढे गांधीजींच्या आश्रमशाळेत शिकवू लागले. त्यांनी गुजरातीत इतकं आणि असं लिहिलं की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. गुजराती शुद्धलेखन ठरवण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता, आणि १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तोसुद्धा गुजराती पुस्तकासाठी. दुसरं नाव आपल्याच जिल्ह्यातलं, शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे. ते भिलीत लिहितात आणि मराठीतही. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ साली आला. दुसरी भाषा पक्की करायला पहिली टाकून द्यावी लागत नाही, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

अशी भाषा तीस दिवसांच्या क्लासने येत नाही, आणि लँग्वेज लॅबमध्ये हेडफोन लावून तर नाहीच. ती भाषा बोलणाऱ्यांत राहावं लागतं, रोज वाचावं-लिहावं लागतं आणि चार लोकांसमोर चुकावं लागतं. चुकलं की आजूबाजूचे हसणार असतील, तर माणूस तोंडच उघडत नाही. आपल्या मागच्या बाकांवरची शांतता बरीचशी तिथून आलेली आहे.

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. पहिल्या वर्षाच्या ओरलला मुलगा अडला, तर ‘मराठीत सांग’ असं म्हणून बघा. कन्सेप्ट कळलाय की नाही ते तिथेच समजेल, मग इंग्रजीत सांगायला लावा. आणि हॉस्टेलवाल्यांनो, रविवारी मेसनंतर एक तास काढू या. कॉन्व्हेंटवाल्यांनी मित्राचं इंग्रजी उत्तर तपासावं, मराठी माध्यमवाल्यांनी आमचा मराठी अर्ज. तपासताना लाल पेन चालेल, हसणं चालणार नाही. आमच्या विंगमध्ये येत्या रविवारपासून सुरू करतोय. वही घेऊन या.