आकाशातील धूर

७ जून २०२३ रोजी न्यूयॉर्क नगरीचे आकाश भर दुपारी नारिंगी झाले. शाळांनी मैदानावरील खेळ बंद ठेवले. अरण्ये पेटली होती ती मात्र शेकडो किलोमीटर दूर, कॅनडातील क्वेबेक प्रांतात!

असा धूर टेरासारखे उपग्रह मोजतात. धुराचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश विखुरतात. अवकाशात परतणाऱ्या त्या प्रकाशावरून कणांचे प्रमाण काढता येते. जेथे मनुष्याचे पाऊल पडत नाही, अशा अरण्यांची वार्ताही त्यामुळे कळते. तथापि उपग्रहाला सारे काही दिसते, असे मानणे भोळेपणाचे होय. ढगांखालचा धूर त्याला दिसत नाही. शिवाय धूर उंच तरंगत आहे की रस्त्यावर उतरला आहे, हेही त्याला सहसा उमगत नाही. कॅलिप्सो नावाचा उपग्रह लेसरचे किरण खाली सोडून ही उंची मोजीत असे. २०२३ साली त्याचे कार्य थांबले.

उंचावरचा धूर सूर्याला तांबूस करतो. जमिनीलगतचा धूर फुप्फुसांत शिरतो. मुलांनी मैदानावर जावे की नाही, हे ठरविताना शाळेजवळच्या छपरावरील लहानसे यंत्रच अधिक विश्वासाचे ठरते. उपग्रहांचे कौतुक करणाऱ्यांना त्याचे स्मरण क्वचितच होते.