नाणेघाटांतील तिरपें ऊन

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील हिवाळ्याचीं छायाचित्रें अलीकडे आपल्या घराघरांतून पाहावयास मिळतात. मुलगा किंवा भाची परदेशीं नोकरीस असते, नाताळच्या सुटींत ट्रोम्सो शहर किंवा लोफोटन बेटें गांठते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या चहाबरोबर बर्फानें झांकलेलीं शिखरें, कोळ्यांचीं तांबडीं घरें व काळेंभोर पाणी आपल्या मोबाइलवर येऊन दाखल होतें. पाहणाऱ्याच्या मनांत सहज येतें कीं, असें कांहीं टिपावयाचें तर इतकें दूरच जावयास हवें. आपल्याकडे हिवाळा तो केवढा, आणि त्यांत टिपण्याजोगें तें काय?

ट्रोम्सो ६९ अंश अक्षांशाच्याही उत्तरेस आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथें सूर्यबिंब क्षितिजावर येतच नाहीं. दुपारच्या सुमारास कांहीं तास निळसर-गुलाबी संधिप्रकाश तेवढा पसरतो. अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळें समुद्र मात्र गोठत नाहीं, म्हणून बर्फ व मोकळें पाणी एकाच चौकटींत सांपडतें. छायाचित्रकार तेथें धांवतो तो बर्फासाठीं खराच. परंतु त्याहून अधिक त्या आडव्या, मृदु उजेडासाठीं. प्रकाश माथ्यावरून आला कीं वस्तु चपटी दिसते, बाजूनें आला कीं तिचा उंचसखलपणा प्रकट होतो. चित्रकलेच्या पहिल्या इयत्तेंत मुलांना पेरू काढावयास देतात तेव्हांच हें कळून चुकतें.

आतां आपल्या जुन्नरचा हिशेब करून पाहूं. जुन्नर १९ अंशांच्या किंचित् उत्तरेस आहे. मे महिन्याच्या मध्यास तेथें माध्यान्हीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायांखालीं नाहींशी होते. तोच सूर्य २१-२२ डिसेंबरला भर दुपारीं क्षितिजापासून अवघा सत्तेचाळीस अंश वर असतो. म्हणजे दक्षिणाभिमुख दार दहा हात उंच असेल, तर माध्यान्हीचें ऊन सुमारें नऊ हात आंत शिरतें. लेण्याद्रीचीं लेणीं दक्षिणाभिमुख आहेत. गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणारी मंडळी उन्हाळ्याच्या सुटींत घाम पुसत सुमारें तीनशे पायऱ्या चढतात, काळोखांतून काळोखांत पाहून परततात; तींच मंडळी पौषांत आलीं तर ओसरींतील स्तंभांवर सोन्यासारखें ऊन पडलेलें पाहतील. गणपतीच्या लेण्याशेजारींच एक चैत्यगृह आहे. तें कल्याणच्या एका सोनाराच्या मुलानें, सुलसदत्तानें, करविलें असें तेथील शिलालेखांत लिहिलेलें आहे. कल्याण म्हणजे खाडीचें बंदर, आणि जुन्नर म्हणजे घाटमाथ्यावरची पेठ. या पेठेनें केवळ आपलेच व्यापारी पाहिले असें नाहीं. शिवनेरी व मानमोडीच्या लेण्यांत चिट, इरिल, चंद या यवन दात्यांचीं नांवें आहेत. किनाऱ्याचा पैसा घाट चढून आला आणि येथें दगडांत उमटला. उत्तरेच्या किनाऱ्याची ओढ असणाऱ्यांस हा संबंध ठाऊक असावा म्हणून सांगितला.

तो पैसा ज्या वाटेनें आला ती वाट म्हणजे नाणेघाट. घाटाच्या तोंडाशीं नागनिकेचें लेणें आहे. सातवाहनांची ही राणी. तिच्या लेण्यांतील भिंतींवर इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन करून पुढें अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी कोरलेली आहे: गाई, घोडे, हत्ती, गांवें, कार्षापण. काळ इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या आसपासचा. १८२८ सालीं कर्नल साइक्स यानें या लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, व पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचें मर्म उलगडलें. मागच्या भिंतीवर राजपुरुषांच्या मूर्ति होत्या व त्यांच्या डोक्यांवर नांवें होतीं. मूर्ति केव्हांच नष्ट झाल्या, नांवें राहिलीं.

आपल्या देशांतील संख्यालेखनाचे अतिप्राचीन नमुने या यादींत आहेत. शून्य त्यांत नाहीं. दहाला निराळें चिन्ह, शंभराला निराळें, हजाराला निराळें. चारशें लिहावयाचें तर शंभराच्या चिन्हालाच चाराचें चिन्ह जोडावयाचें. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. आतां विचार करा: या दोन रेघांवर कोणा अविचारी प्रवाशानें खिळ्यानें तिसरी ओढली तर? दोन हजार वर्षांपूर्वीं ब्राह्मणांस दिलेल्या दक्षिणेंत एका ओरखड्यानें भर पडेल, आणि ती भर पुसण्याचा उपाय जगांत नाहीं.

ओरखडे काढणारांस सर्वच नांवें ठेवतात. परंतु ज्यांस आपण सुशिक्षित व हौशी म्हणतों, त्यांच्यांतील एक खोड अधिक घातक आहे. अक्षरें छायाचित्रांत ठळक यावींत म्हणून कोरलेल्या खांचांत खडू भरण्याची ती खोड. आयुष्यभर खडू हातांत धरलेल्या मनुष्यानें खडूची निंदा करावी हें विचित्र दिसेल. पण फळ्यावरचा खडू पुसतां येतो. झिजलेल्या दगडांत खडू भरणारा मनुष्य खांच कोठें संपते व नैसर्गिक चीर कोठें सुरू होते याचा निर्णय स्वतःच करून टाकतो. मग छायाचित्रांत शिलालेख येत नाहीं, या गृहस्थांचें वाचन येतें, आणि पुढचा अभ्यासक त्यालाच मूळ समजून चालतो. शिवाय तो घासून काढतांना दगडाचा पोपडाही निघतो.

खडूचें काम तिरपा उजेड अधिक प्रामाणिकपणें करतो. दिवा समोरून धरूं नये. कॅमेऱ्याचा झोत समोरून पडला कीं सर्व खांचा भरून गेल्यासारख्या दिसतात. सोबत्यानें साधी विजेरी भिंतीच्या बाजूस, जवळजवळ भिंतीला समांतर धरावी, व कॅमेरा समोर असावा. प्रत्येक खांचेची एक कड उजळते, दुसरींत सावली भरते, आणि मघांशीं जेथें नुसता काळा दगड होता तेथें ओळच्या ओळ उभी राहते. विजेरी डावीकडून एकदां, उजवीकडून एकदां, वरून एकदां, अशीं तीन चित्रें घ्यावींत. खांचेला समांतर पडलेल्या उजेडांत खरी खांचही मंदावते, पण दुसऱ्या दिशेच्या उजेडांत ती प्रकट होते; म्हणून तिन्ही चित्रें ताडून पाहावींत. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरावयाचा असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती न काढतां गेलांत तर हात स्थिर ठेवण्यास मित्राच्या खांद्याचा आधार घ्यावा, लेखाच्या भिंतीचा घेऊं नये.

हें कांहीं नवें शास्त्र नव्हे. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची संस्था निघाली तेव्हां डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधु नारायण दाजी हे तर त्या कलेंत नांवाजलेले. शिलालेखांचा वाचक व कॅमेऱ्याचा शौकीन एकाच मनुष्यांत होता हा योगायोग आम्हांस वाटत नाहीं.

घाटाच्या तोंडाशीं संध्याकाळीं उभें राहिलें कीं पश्चिमेस कोंकण पसरलेलें दिसतें, बाजूस जीवधन व त्याचा वानरलिंगी सुळका. सूर्यास्ताचीं चित्रें सर्वच काढतात; त्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं. पहाट मात्र सोडूं नये. थंड, जड हवा रात्रभर कुकडीच्या खोऱ्यांत उतरून सांचते, तिच्यांत धुकें धरतें, आणि चावंड-हडसरचे माथे बेटांसारखे वर राहतात. जानेवारीच्या आरंभीं सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हां ही पहाट आळशी मनुष्यासही साधण्याजोगी आहे. कॅमेरा गारठ्यांतून एकदम उबदार खोलींत आणला तर भिंगावर दंव धरतें. तो पिशवींतच थोडा वेळ राहूं द्यावा.

जुन्नरहून दक्षिणेस आंबेगांव तालुक्यांत उतरलें कीं प्रकाशाचे प्रश्न संपतात व दुसरे सुरू होतात. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांव आज घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पोटांत आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्याचे अवशेष उघडे पडतात. हिवाळ्यांत निळें पाणी तेवढें. हिवाळ्यांत आपल्याकडच्या जलाशयांवर चक्रवाक उतरतात. काव्यांत रात्रभर विरहानें आक्रंदणारा हा पक्षी लडाख व मध्य आशियाकडून येतो, हें काव्य शिकवितांना आम्हीं क्वचितच सांगितलें असेल. त्याचें चित्र घ्यावें. पण मोटारींतूनच घ्यावें, पायीं जवळ जाऊं पाहाल तर तो उडेल.

याच तालुक्यांत माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगराचा कडा खचून त्या आदिवासी गांवावर आला व दीडशेहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. आजही प्रवासी तेथें थांबून डोंगराच्या त्या जखमेसमोर हंसत उभे राहून आपलें चित्र काढून घेतात. हें करूं नये. कोणी म्हणेल, इतिहासाची नोंद नको काय? नोंद त्याच दिवसांत झाली आहे, आणि पुष्कळ झाली आहे. वाटसरूच्या चित्रानें तिच्यांत कांहीं भर पडत नाहीं, आणि ज्यांची माणसें तेथें आहेत त्यांना मात्र तें दिसतें.

भिंत कोसळते तेव्हां भिंतीवरच्या तसबिराही जातात. गांव पाण्याखालीं जातें तेव्हां लोक धान्य व भांडीं आधीं उचलतात. अशा घरांचीं चित्रें उरतात तीं बहुधा दुसऱ्या गांवीं दिलेल्या प्रतींतून: लेकीच्या सासरीं, मुंबईच्या चुलत्याकडे. म्हणून या डोंगरांतील वाड्यांवरून जातांना शेकोटीजवळ बसलेल्या म्हातारबोवांचें चित्र घ्यावयाचें असेल तर आधीं विचारावें, नाहीं म्हणाले तर कॅमेरा खालीं करावा, आणि हो म्हणाले तर दोन प्रती कागदावर छापून पाठवाव्या. एक त्यांस, एक त्यांच्या लेकीस. पत्ता तेथेंच लिहून घ्यावा. मागील बाजूस शिसपेन्सिलीनें नांव, गांव व तारीख घालावी. मोबाइलमधील चित्रास मागील बाजू नसते, एवढ्यासाठीं तरी तें कागदावर उतरवावें लागतें.