पंक्तीबाहेरचे विजेते

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो, त्यांत पायाचा संबंध थोडा आणि हातांचा फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो बगलेंत धरून पळावयाचें अथवा पुढच्या गड्याकडे फेंकावयाचा, आणि समोरच्या अकरांनीं चेंडूवाल्यास धरून भुईवर पाडावयाचें. चार प्रयत्नांत दहा यार्ड मजल मारली तर डाव हातांत राहतो, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आमच्या हुतूतूची चढाई आणि कुस्तीची पकड एकत्र केल्यास या खेळाची थोडीबहुत कल्पना येईल. तिकडील महाविद्यालयांत त्याचें वेड विलक्षण आहे. ज्या वाचकांचीं नातवंडें तेथें शिकत आहेत, त्यांस शरद ऋतूंत अभ्यासापेक्षां या सामन्यांचीच वार्ता अधिक ऐकूं येत असल्यास नवल नाहीं.

डावपेंचांत आम्हांस विशेष गोडी नाहीं. तथापि १९५१ सालच्या एका संघाची हकीकत घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून वाचावी अशी आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट धर्मगुरूंची संस्था. त्या वर्षीं जो कुहारिच या शिक्षकानें तेथील मुलांकडून भर उन्हाळ्यांत कठोर तालीम करवून घेतली, आणि त्या हंगामांतील नऊच्या नऊ सामने संघानें जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमच्या संघास ३२ विरुद्ध २६ असें हरविलें. पॅसिफिक महाविद्यालयाचा ४७ विरुद्ध १४ असा धुव्वा उडविला. अखेरीस लोयोलावर २० विरुद्ध २ असा विजय मिळविला. संघांत एकाहून एक वल्ली होत्या. गिनो मार्चेट्टी हा दुसऱ्या महायुद्धांत लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर हा सहा फूट नऊ इंच उंच, आणि मांस कच्चेंच खाणारा. (सोंवळ्यांतील मंडळींनीं हें वाक्य गाळून वाचावें.) परंतु संघाचा प्राण म्हणजे ऑली मॅटसन. नऊ सामन्यांत चेंडू घेऊन तो १,५६६ यार्ड धांवला. साऱ्या देशांत त्या वर्षीं तितकें कोणी धांवलें नाहीं. बचावाच्या फळींत तसाच खंबीर होता बर्ल टोलर. हे दोघेही कृष्णवर्णीय. मॅटसनचा जन्म टेक्सासचा, टोलरचा टेनेसींतील मेंफिसचा. दोघेही दक्षिणेकडचे, हें ध्यानांत असूं द्यावें.

नववर्षाच्या सुमारास कांहीं शहरांत 'बाउल' नांवाचे मोठे सामने होतात आणि त्यांचें निमंत्रण निवडक संघांसच येतें. निमंत्रणाबरोबर कीर्ति येते, तशी मोठी रक्कमही येते. या विद्यापीठाचें खेळाचें खातें तुटींत चाललेलें, म्हणून तीही हवीच होती. यांतले कांहीं मोठे सामने दक्षिणेंतील शहरांत होत, आणि तेथें त्या काळीं कायद्यानें व रूढीनें काळ्या-गोऱ्यांच्या शाळा, पाणपोया, आगगाडीचे डबे, सारें निराळें असे. तिकडून सुचविण्यांत आलें कीं, मॅटसन आणि टोलर यांस घरीं ठेवून येत असाल तर या.

मुलांनीं नकार दिला. त्यावर सभा भरली नाहीं, मतें मोजलीं गेलीं नाहींत, असें त्यांच्यांतील मंडळी पुढें सांगत. निमंत्रण दुसऱ्यांस गेलें, आणि त्या हंगामाअखेर विद्यापीठानें, खर्च झेपत नाहीं म्हणून, संघच मोडला. सेंट क्लेअरचें शिक्षणाचें एक वर्ष उरलें होतें. खेळण्यासाठीं त्यास टल्सा येथें जावें लागलें.

महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गांत पोंचतो, तेथें त्यास भावंडें व द्रौपदी दिसत नाहींत, आणि तीं नरकांत आहेत असें कळतांच तो म्हणतो कीं मीही तेथेंच राहीन. त्याला पुढें सर्वांसह स्वर्ग मिळाला. ती देवांची माया होती. या मुलांपुढें माया नव्हती. गेलें तें गेलें.

आणि यजमानांची ती भाषा आम्हां वाचकांस परकी वाटूं नये. मंगलकार्यांत कोणास कोठें बसवावयाचें, कोणाचें पान दूर मांडावयाचें, कोणास ओटीखालींच वाढावयाचें, याचे नियम आपल्या घराघरांत काटेकोरपणें पाळले गेले. पाळणारे कांहीं दुष्ट नव्हते. सुशिक्षित, सुशील आणि अतिथिप्रिय होते. दुसऱ्याचें पान दूर मांडलें म्हणून स्वतःच्या पाटावरून उठलेला गृहस्थ मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. पंक्तिप्रपंचाविरुद्ध लेख लिहिणारे पुष्कळ पाहिले. तेही लाडू संपवून मग लिहीत. विशीबाविशीच्या या मुलांची किंमत आम्हांस वाटते ती यासाठीं, कीं पान त्यांचें वाढलेलें होतें आणि भूक खरी होती.

पुढें मॅटसन, मार्चेट्टी आणि सेंट क्लेअर हे तिघेही धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसले. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें मॅटसनला धांवण्याचीं दोन पदकें मिळालीं. आमच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तीचें कांस्यपदक जिंकलें तें तेथेंच. विद्यापीठानें त्या संघांतील मंडळींस सन्मान्य पदव्या दिल्या, परंतु त्या २००६ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनीं.

टोलरचें दैव निराळें. १९५२ च्या एका प्रदर्शनी सामन्यांत गुडघा गेला आणि धंदेवाईक खेळाचें दार बंद झालें. मग ते शिक्षक झाले, आणि पुढें सॅन फ्रॅन्सिस्कोंतील बेंजामिन फ्रँकलिन शाळेचे मुख्याध्यापक. १९६५ सालीं धंदेवाईक फुटबॉल संघटनेनें त्यांस पंचमंडळांत घेतलें. त्या संघटनेंतील ते पहिले कृष्णवर्णीय पंच. सुटीच्या दिवशीं ज्या खेळांत स्वतः उतरतां आलें नाहीं त्याचा न्याय करावयाचा, आणि सोमवारीं घंटेच्या आधीं शाळेंत हजर राहावयाचें, असा क्रम त्यांनीं अनेक वर्षें चालविला. आम्हीही उभा जन्म खडूंत घालविल्यामुळें असेल, पण साऱ्या संघांत आम्हांस जवळचे वाटतात ते हे टोलर मास्तर. २००९ सालीं ते वारले. त्यांच्या त्या शाळेच्या आवारास त्यांचेंच नांव आहे.